गटातली सावित्रीताई

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून लिहितोय, कारण बोलायला माणूस राहिलं नाही. अण्णाशी बोलावं तर तो हुकूम सोडतो. लेकीला, गिरिजाला, पुण्याला फोन लावावा तर पोरगी रडायला लागते. आणि मंजुषाशी बोलावं, तर तिच्यापासूनच लपवायचं आहे.

मंजुषा म्हणजे माझी बायको. तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली, आणि ती कॅन्सरची निघाली. अण्णानं, म्हणजे गुरुलिंग, माझा थोरला भाऊ, त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं, "तिला सांगायचं न्हाई सोम्या. बाईमाणूस हाय, हाय खाईल." आमच्या घरात असंच चालतं. आईच्या वेळीही शेवटपर्यंत कुणी तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

म्हणून मंजुषाला सांगितलंय की साधी गाठ आहे, सलाईननं विरघळते. दोन सलाईनं झाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात मी तिला मागच्या फाटकानं नेतो, कारण पुढच्या फाटकावर काय लिहिलंय ते हातभर अक्षरात आहे. फाटकापाशी आलो की मी कांद्याच्या भावाचा विषय काढतो. बाई दहावी पास आहे, पण कांद्याचं निघालं की वर बघत नाही. केस गेले तेव्हा म्हटलं, गोळ्या उष्ण पडल्या. "पडली असंल उष्णता," म्हणाली, डोक्याला रुमाल बांधला आणि भाकरी थापायला बसली.

नेकनूरच्या पेठेत भांडी विकण्यात माझा जन्म गेला. अस्सल पितळ कोणतं आणि मुलामा कोणता हे मी लांबून सांगतो, तसंच माणसाचं. बायकोचा माझ्या शब्दावर पुरता विश्वास आहे हे मला तिच्या तोंडावर दिसतं, आणि त्याचंच लई वाईट वाटतं.

५ ऑक्टोबर, रविवार

गिरिजा म्हणाली होती, "अप्पा, कॅन्सरच्या लोकांचे मोबाईलवर गट असतात. एकमेकांना धीर देतात, माहिती देतात. शोधा." दुपारी दुकान लावून घेतलं आणि शोधत बसलो.

पहिला गट सापडला तो सगळा इंग्रजीत. तिकडच्या बायका कुत्र्यांचे फोटो टाकतात, खाली बाकीच्या बायका बदाम टाकतात. दुसरा हिंदी. त्यात शिरलो न शिरलो तोच एकाचा फोन, केमो बंद करा, आमची पूड घ्या, मुळापासून जाईल. नको म्हटलं तरी परत परत. शेवटी त्याला आमच्याकडच्या भाषेत समजावलं, तेव्हा थांबला. तिसऱ्यात नुसतं शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं.

मग 'सोबतीण' नावाचा मराठी गट सापडला. स्तनाच्या कॅन्सरमधून चाललेल्या बायकांचा. इथं काही विकायचं नाही, कुणाचं लिहिलेलं बाहेर पाठवायचं नाही, औषधाचं डॉक्टरला विचारायचं. नियम वाचूनच बरं वाटलं. चालवणाऱ्या रोहिणीताईंना लिहिलं की पत्नीसाठी यायचं आहे. त्यांचं उत्तर आलं, हा गट फक्त बायकांचा. नातेवाइकांचा वेगळा आहे, तिकडे या. गेलो. तिकडे सगळे नवरे. शेवटचा मेसेज जून महिन्यातला होता, 'नमस्कार'. त्यावर कुणी नमस्कारसुद्धा केलेला नाही.

दुकानाच्या दुसऱ्या नंबरवरून परत लिहिलं. नाव सावित्री, बीड जिल्हा, दोन केमो झाल्या. रोहिणीताईंनी दोन-चार प्रश्न विचारले. रिपोर्ट मला तोंडपाठ आहेत, सगळी उत्तरं बरोबर दिली. घेतलं मला. चूक आहे हे कळतं. पण बायको माझी आहे आणि मला दुसरा रस्ता दिसत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

गटात सावित्रीताईंचं स्वागत झालं. आज कसं वाटतंय म्हणून विचारलं. मी लिहिलं, 'बरं आहे.'

त्यावर गेवराईच्या विमलबाईंचा आवाज आला. ह्या बाई लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात. "सावित्रीताई, बरं हाय असं नवऱ्याला सांगायचं. हितं खरं सांगा."

खरं काय सांगू? मला माहीत असेल तर सांगेन ना. दुपारी जेवायला घरी गेलतो तेव्हा मंजुषाला सहज विचारावं तसं विचारलं, "तोंडाला चव लागती का गं?"

 "कावून विचारता?"

"असंच."

"लोखंड चाटल्यावानी लागतं," म्हणाली. मग थांबेचना. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, पाण्याचाही वास येतो, दुपारी पाच मिनिटं उभं राहिलं की मांड्या थरथरतात. आतापर्यंत एका शब्दानं बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "बरं वाटलं बघा, इचारलंत ते." मी घाईनं दुकानात आलो आणि सगळं विसरायच्या आत गटात लिहून टाकलं. पाच-सहा बायकांची उत्तरं आली. धातूच्या भांड्यात जेवू नका, लाकडी चमचा वापरा, आधी लिंबाची फोड चोखा.

घरात अडीचशे नग स्टील, आणि भांडेवाल्याच्या बायकोला काचेच्या बशीत लाकडी चमच्यानं वाढलं. दोन दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवली. कुठून शिकलात म्हणून विचारलं. म्हटलं, एका गिऱ्हाईकानं सांगितलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. आमच्या धंद्याचा वर्षातला दिवस. मान वर करायला फुरसत नव्हती, तरी मध्येच गट उघडला. परभणीकडच्या एक बाई रोज पहाटे सगळ्यांना हाका मारून उठवायच्या. आज त्यांच्या नंबरवरून त्यांच्या मुलानं लिहिलं होतं, 'आई काल गेली. ती तुम्हा सगळ्यांचं नाव घ्यायची.'

तराजूत तांब्याचा कलश होता. समोरचा माणूस म्हणत होता, "सोमाअप्पा, वजन बघा की." मला काटाच दिसेना. गल्ल्यावर मंजुषा बसली होती, रुमालावरून पदर घेऊन. तिनं उठून वजन केलं आणि मला म्हणाली, "तुमी बसा जरा. छातीत दुखत न्हाई ना?" दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हापासून तिला दुसरं सुचत नाही. इथं तिचाच जीव टांगणीला आणि ती माझी छाती विचारते. आत गोदामात जाऊन तोंड धुतलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीमुळे लांबलेलं तिसरं सलाईन झालं. सिस्टर सूचना द्यायला लागल्या तसं मी त्यांना बाहेर नेलं आणि म्हटलं, जे काय ते मला सांगा, तिला नको. त्यांनी सांगितलं. बरंच होतं. डॉक्टरनी परत टोकलं, "तुम्ही त्यांना सांगत का नाही?" मी म्हटलं, "आमच्यात सांगत नाहीत." 

येताना गाडीत मंजुषा म्हणाली, "सगळ्यांना किती लागतात वो ही?"

"सगळ्यांना म्हणजे?"

"शेजारच्या खाटंवरच्या बाईला आठ सांगितलीत."

"तिचं वेगळं आहे."

"बरं," म्हणाली आणि खिडकीतून बघत बसली. वाचलो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डोक्याला नवा घोर. मंजुषा म्हणते, पौर्णिमेला कपिलधारला जायचं, मन्मथस्वामींच्या यात्रेला, आणि तेही नीलम्मावहिनींच्या, म्हणजे अण्णाच्या बायकोच्या, दिंडीबरोबर पायी. लाखो माणसं, धूळ, पंगती, उघड्यावर मुक्काम.

म्हटलं, डॉक्टरनी गर्दीत जाऊ नको म्हटलंय.

"साध्या गाठीला गर्दी काय करती?"

अशक्तपणा आहे म्हटलं, तर म्हणाली हळूहळू चालीन. पुढच्या वर्षी मी स्वतः नेतो म्हटलं. त्यावर हातातलं काम ठेवून विचारलं, "पुढच्या वर्षी नेताल? नक्की?"  दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून उठलो.

अण्णाला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे, देवाच्या दारी काय हुतंय? अडवलंस तर संशय येईल." आता माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

गटात विचारलं. सावित्रीताईंना यात्रेला जायचं आहे, जावं का? सगळ्या तुटून पडल्या. केमोनंतर आठवड्यानं अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा गर्दी म्हणजे संकट. ताप आला तर तास मोजत बसू नका, गोळी घेऊन झोपू नका, तडक दवाखाना. सिस्टरनी हे सांगितलं होतं, पण दहा गोष्टींत एक म्हणून ऐकलं होतं. विमलबाईंनी त्यांच्या जावेचं सांगितलं. ताप अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी संपली.

मग विमलबाईंनी विचारलं, "तुमचा नवरा काय करतो वो सावित्रीताई? त्यो अडवत न्हाई का?"

 लिहिलं, 'नवरा घाबरट आहे.'

"लई पाहिलेत असले," बाई म्हणाल्या. "त्याला म्हणावं, तू घाबर, पर तोंड उघड."

राग आला. कुणाला घाबरट म्हणते ही बाई, ओळख ना पाळख. मग आठवलं, मीच लिहिलं होतं. संध्याकाळी थर्मामीटर आणला आणि गल्ल्यात ठेवला. घरी ठेवला तर मंजुषा विचारेल, कशाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार. बीड, दवाखान्यात

लिहायलाच हवं. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दिंडी दारात आली. नीलम्मावहिनी, आणखी आठ-दहा बाया, टाळ वाजत होते. मंजुषा पिशवी घेऊन तयार होती, अंगात स्वेटर. तिनं चहाचा कप दिला तेव्हा बोटं लागली. तापलेली.

"अंग गरम आहे तुझं."

"चुलीपाशी होते."

दुकानातून थर्मामीटर आणला. एकशे एकच्या वर. म्हणाली, "कालपासून हाय थोडं. गोळी घेतली. चालाया लागलं की घाम येऊन उतरंल."

"जायचं नाही."

"कावून?"

"ताप आहे म्हणून."

"ताप काय पयल्यांदा आला व्हय? साध्या गाठीला तापाचं एवढं काय?"

वहिनी दारातून म्हणाल्या, "येऊ द्या की भावजी. मी हाय ना संगं." टाळ चालूच होते. मंजुषा पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर उभी. बाजूनं निघून जाता आलं असतं, दार मोकळं होतं. गेली नाही. आजवर एकेक खोटं जिभेवर तयार असायचं, आज एक सुचेना. 

म्हटलं, "मंजुषा, तुला कॅन्सर आहे. ते सलाईन म्हणजे केमो. त्यात ताप आला की जिवावर बेततं. आत्ताच्या आत्ता निघायचं."

टाळ थांबले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मंजुषानं पिशवी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "चला." रडली नाही, काही विचारलं नाही. धक्क्यानं बोलतीच बंद झाली असणार. मी फाईल शोधत सगळं कपाट उपसत होतो, तर पाठीमागून म्हणाली, "वरच्या फळीवर, चादरीच्या खाली हाय." बरं झालं तिला आठवलं, मला काहीच सुचत नव्हतं.

शेजारच्यांची गाडी मिळाली. गाडीतून गटात लिहिलं, ताप आहे, संभाजीनगर लांब, काय करू? लगेच विमलबाईंचा फोन. उचलला. मी हॅलो म्हटलं.

"कोण बोलतंय?"

"मी... मीच सावित्री."

"बाप्या हाय तू?"

"नवरा आहे. बायकोला कॅन्सर आहे, तिला सांगितलं नव्हतं म्हणून..."

"तुझ्याशी मागून भांडते. बाईला ताप किती? शुद्धीवर हाय? मग संभाजीनगरला जाऊ नको, आधी बीडला घाल. आणि नुसता ताप हाय म्हणून नंबर लावून बसू नको. पयलं वाक्य काय सांगायचं? केमो होऊन आठ दिवस झालेत. म्हण बघू."

मी म्हटलं. मंजुषा शेजारी डोळे मिटून ऐकत होती. दवाखान्यात तेच पहिलं वाक्य सांगितलं. तिला तिथल्या तिथे आत घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी नाहीतच म्हटलं तरी चालेल. इंजेक्शनं चालू आहेत, वेगळ्या खोलीत ठेवलंय, मला मास्क लावून दोन मिनिटं जाऊ देतात. ताप एकशे तीन. डॉक्टर म्हणाले, आज आणि उद्या काही सांगता येत नाही. गिरिजा पुण्याहून निघाली आहे.

विमलबाईंनी सांगितलं असणार, रोहिणीताईंचा मेसेज आला. 'तुमच्या पत्नीची आम्हा सगळ्यांना काळजी आहे. पण तुम्हाला गटात ठेवता येणार नाही. इथं बायकांनी जे लिहिलं ते बाई वाचतेय म्हणून लिहिलं होतं. काहींनी नवऱ्यालाही न सांगितलेलं लिहिलं होतं.' आणि काढलं मला. बरोबर आहे त्यांचं, माझी मान वर होत नाही. पण आजचा दिवस तरी ठेवायला हवं होतं. जिन्यात बसून रडलो. एक मामा झाडू मारत होते, ते माझ्या पायांपुरती जागा सोडून झाडून गेले.

मंजुषा गेली तर माझं काय, हा एकच विचार डोक्यात येतो. तिचं काय, हा नाही. इतका मी आपमतलबी आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताप उतरला. पेशी वर यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, संध्याकाळ केली असती तर आम्हालाही अवघड होतं.

खोलीत जास्त वेळ बसू दिलं. मी म्हटलं, "मंजुषा, तुला एवढा मोठा धक्का दिला, दारात, बायांसमोर."

"कसला धक्का?" आवाज खोल गेलेला, पण डोळे हसत होते. "अवो, मागल्या फाटकावर बी लिहिलंय. जरा बारीक अक्षरात."

 मग हळूहळू बोलली. पहिल्याच खेपेला कळलं होतं. घरी येऊन तिनं थेट अण्णाला विचारलं. अण्णा म्हणाला, "हाय खरं. पर तुला कळलंय हे सोम्याला कळू देऊ नको. त्याच्या छातीला सोसणार न्हाई." म्हणजे माझ्या भावानं मला तिच्यापासून लपवायला लावलं आणि तिला माझ्यापासून. दोघं एका घरात, एका ताटासमोर.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तुमी कांद्याचा भाव सांगत व्हतात. इतकं जीव लावून खोटं बोलत व्हतात की मोडवंना. पर मला एकटीला लई भ्या वाटायचं. म्हणून यात्रेचं काढलं. मला जायचंच नव्हतं. वाटलं, अडवायसाठी तरी तुमी तो शब्द काढताल. मग दोघांला बोलता येईल."

"आणि ताप लपवलास कशाला? मेली असतीस की."

तिनं छताकडे बघितलं. "ताप आला की दवाखान्यात जायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

सिस्टर सांगायला आल्या होत्या. मीच त्यांना बाहेर नेलं होतं. हे तिला सांगितलं. तिनं माझा धरलेला हात सोडला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरी आणलं. अण्णा भेटायला आला, दारातूनच म्हणाला, "गावभर केलंस सोम्या. काय गरज होती?" आयुष्यात पहिल्यांदा त्याला उलटून बोललो. म्हटलं, "अण्णा, तुझ्या शहाणपणानं माझी बायको जात होती. आणि माझ्या." चहा न घेता गेला. वहिनी मात्र बसल्या. मंजुषानं त्यांना रुमाल सोडून डोकं दाखवलं. दोघी हसल्या, मग रडल्या. मी बाहेर आलो.

मंजुषा आता 'सोबतीण'मध्ये आहे, स्वतःच्या नावानं. विमलबाईंनीच घ्यायला लावलं. त्या काय बोलतात मला कळत नाही. कधी आतल्या खोलीतून हसू येतं, कधी बराच वेळ काहीच येत नाही. विचारलं तर म्हणते, "बायकांचं हाय." एकदा म्हणाली, विमलबाई म्हणतात, भांडण अजून बाकी हाय.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या चौथी केमो. पहाटेच्या गाडीनं निघायचं. पेशी पुरेशा आहेत, गाठ थोडी लहान झाली आहे, पण ऑपरेशनचं अजून नक्की नाही. काय होईल कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही.

संध्याकाळपासून मी घरात नुसता फिरत होतो. फाईल पिशवीत घातली, काढली, परत घातली. मंजुषा स्वयंपाकघरातून बघत होती. "काय झालं?" म्हणाली. सवयीनं तोंडात आलं, काही नाही. ते गिळलं.

म्हटलं, "मला भीती वाटतीय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला तुमच्यापेक्षा जास्त वाटती," म्हणाली. "बसा. वाढते."